तीस मिलिग्रॅमच्या पुढे

कोल्हापूरच्या ताराराणी चौकात किंवा शिरोलीच्या बाजूला रात्रीच्या नाकाबंदीत सापडलेला माणूस पोलिसाला बहुतेक वेळा एकच गोष्ट विचारतो, "साहेब, पावती किती?" हेल्मेट नसेल, सिग्नल तोडला असेल, तर या प्रश्नाला उत्तर असतं. दारू पिऊन गाडी चालवण्याच्या गुन्ह्याला ते नसतं. कोणत्या गुन्ह्यांचा निकाल जागेवर दंड भरून लावता येतो, याची यादी मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० मध्ये आहे. त्या यादीत कलम १८५ नाही. म्हणजे पावती फाडून घरी जाण्याची सोय कायद्यानेच ठेवलेली नाही. प्रकरण न्यायदंडाधिकाऱ्यापुढे जातं. तिथे "गुन्हा कबूल" म्हणून दंड भरला, तरी ती दोषी ठरून झालेली शिक्षाच असते. कोल्हापुरात या कायद्याबद्दल जे गैरसमज कानावर येतात, त्यांतला सगळ्यात महाग पडणारा हाच आहे. म्हणून कलमं नीट समजून घेऊ, कारण 'ड्रंक अँड ड्राइव्ह' या एका नावाखाली पाच-सहा वेगवेगळे गुन्हे दडलेले असतात आणि त्यांतल्या शिक्षा दहा हजार रुपयांपासून दहा वर्षांच्या कैदेपर्यंत जातात.

मूळ कलम १८५. गाडी चालवताना किंवा चालवण्याचा प्रयत्न करताना ज्याच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळेल, तो दोषी. गाडी पुढे सरकली नव्हती, नुसती सुरू करत होतो, हा बचाव म्हणूनच फारसा उपयोगाचा नाही. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार दंड किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी हे आकडे दोन हजार आणि तीन हजार होते, आणि दुसरा गुन्हा पहिल्यानंतर तीन वर्षांच्या आत घडला तरच 'दुसरा' धरला जाई. आता ती तीन वर्षांची अट गेली आहे. दहा वर्षांपूर्वीची शिक्षाही आता मोजली जाऊ शकते.

हा ३० चा आकडा तरी कुठून आला? १९३९ च्या जुन्या कायद्यात आधी भर होता तो माणसाला गाडीवर ताबा ठेवता येत होता की नाही यावर. १९८८ च्या कायद्यात मात्र दुसरं टोक होतं, रक्तातलं कितीही थोडं अल्कोहोल गुन्ह्याला पुरेसं होतं. मग १९९४ च्या दुरुस्तीने ३० मिलिग्रॅमची रेषा आली. ती तशी कडक आहे. इंग्लंडमध्ये मर्यादा ८० आहे, स्कॉटलंडमध्ये ५०. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा, गुन्ह्याची नावंही वेगळी, पण बहुतेक ठिकाणी रेषा ८० वर आहे, फक्त युटाने ती ५० वर आणली. तिकडून सुट्टीवर गावी आलेल्या नातेवाइकाने हे ध्यानात ठेवावं, कारण तिथे चालून जाणारं प्रमाण इथे गुन्हा ठरतं. आपल्याकडे मोटार वाहन कायदा केंद्राचा असल्यामुळे ही रेषा कागल ओलांडून कोगनोळीला गेलं तरी बदलत नाही आणि आंबोली घाट उतरून गोव्यात शिरलं तरी बदलत नाही. गोव्यात दारू स्वस्त मिळते, म्हणून तिथे चाकामागे बसायला सूट मिळते असं नाही.

तीस मिलिग्रॅम म्हणजे प्रत्यक्षात किती? साधारण सत्तर किलोचा पुरुष धरू. व्हिस्कीत ४२.८ टक्के अल्कोहोल असतं, त्यामुळे ३० मिलिलिटरच्या छोट्या पेगमध्ये सुमारे दहा ग्रॅम अल्कोहोल पोटात जातं आणि रक्तातलं प्रमाण वीसच्या आसपास पोहोचतं. ६० चा एक मोठा पेग झाला की ते चाळीसला टेकतं. म्हणजे एकाच पेगला रेषा ओलांडली गेली. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलिलिटरची एक बाटली संपवली तर आकडा ऐंशीच्याही वर जाऊ शकतो. "बिअर म्हणजे काय दारू आहे का?" असं म्हणणाऱ्याने हे गणित एकदा करून बघावं. बाईच्या शरीरात पाण्याचा अंश तुलनेने कमी असतो, वजनही सहसा कमी, त्यामुळे तेवढ्याच पेगला तिचा आकडा जास्त येतो. ही सगळी अंदाजी गणितं आहेत. माणसागणिक, दिवसागणिक ती बदलतात, आणि म्हणूनच 'माझं प्रमाण मला माहीत आहे' या वाक्याला काही आधार नाही.

तांबडा-पांढरा रस्सा भुरकून, भाकरी-मटण रिचवून निघालं की उतरते, हा आपल्याकडचा आवडता समज. भरल्या पोटी अल्कोहोल रक्तात हळू मिसळतं, शिखरही थोडं खाली राहतं, हे खरं. पण त्याच कारणाने शिखर उशिरा येतं. जेवून गाडीवर बसताना जो आकडा आहे, तो वाटेत वाढत असू शकतो. लिंबू, दही, कडक चहा, थंड पाण्याची अंघोळ यांतलं काहीच रक्तातलं अल्कोहोल कमी करत नाही. ते काम यकृत करतं आणि त्याला घाई नसते. तासाला साधारण १५ मिलिग्रॅम, एवढाच त्याचा वेग. थर्टी फर्स्टच्या रात्री एक वाजता १२० वर असलेला माणूस सकाळी सहा वाजता, तोंड धुऊन, झोप झाल्यासारखा वाटत असताना, अजून ४५ च्या आसपास असतो. त्याच अवस्थेत तो बायको-पोरांना गाडीत घालून अंबाबाईच्या दर्शनाला निघतो. कायद्याच्या भाषेत तो अजून प्यालेलाच आहे, आणि प्रतिक्षिप्त क्रियांच्या बाबतीतही.

आता नाक्यावर काय घडतं ते पाहू. गणवेशातल्या पोलिसाला किंवा मोटार वाहन विभागाच्या अधिकाऱ्याला वाजवी संशय आला, तर कलम २०३ खाली तो श्वासाचा नमुना मागू शकतो. ब्रेथ अॅनालायझरला नवी नळी लावली जाते, माणूस फुंकतो, पडद्यावर आकडा येतो. नळी आपल्यासमोर बदलून घ्या, हे सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे आणि तो वापरावा. नुकतंच माउथवॉश वापरलं असेल किंवा घोट नुकताच घेतला असेल, तर तोंडात राहिलेल्या अंशामुळे आकडा फुगतो, म्हणून थोडा वेळ थांबून पुन्हा चाचणी घेणं हेच शास्त्रशुद्ध.

फुंकायला नकार दिला म्हणून सुटका होत नाही. संशयाला आधार असेल तर नकार देणाऱ्यालाही वॉरंटशिवाय अटक करता येते. कलम २०५ पुढे सांगतं की, सबळ कारणाशिवाय श्वास किंवा रक्त द्यायला नकार दिला, तर ती गोष्ट सरकार पक्षाच्या पुराव्याला पुष्टी देणारी परिस्थिती म्हणून धरता येते. पोलिसांवरही एक बंधन आहे, आणि ते फार थोड्या लोकांना माहीत असतं. कलम २०२ प्रमाणे १८५ खाली अटक केलेल्या माणसाची दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे. नाही झाली तर त्याला सोडून द्यावं लागतं. म्हणून अशा रात्री 'मेडिकल' करायला माणूस सीपीआर रुग्णालयात नेण्याची पोलिसांची घाई चाललेली असते.

दवाखान्यातली ती दहा मिनिटं मला या सगळ्या कायद्याचा कणा वाटतात. डॉक्टर तोंडाचा वास, बोलणं, चालीतला तोल, डोळ्यांच्या बाहुल्या बघून नोंद करतात. पण एवढ्यावर भागत नाही. बचूभाई कर्यानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७१ सालीच सांगून ठेवलं आहे की, तोंडाला वास येत होता, चाल डळमळत होती, बाहुल्या विस्फारलेल्या होत्या, एवढ्यावरून माणूस प्यालेला होता हे सिद्ध होत नाही. त्या प्रकरणात रक्ताची किंवा लघवीची तपासणीच झाली नव्हती. म्हणून रक्त. ते कसं घ्यायचं, याचे नियम आपल्या राज्यात १९५९ सालापासून आहेत आणि ते वाचताना करणाऱ्यांच्या बारकाईचं कौतुक वाटतं. एरवी सुई टोचण्याआधी नर्स स्पिरिटचा बोळा फिरवते. इथे तो बोळा चालत नाही, कारण स्पिरिट म्हणजे अल्कोहोलच. त्वचा निर्जंतुक पाण्याने पुसायची, शिरेतून पाच सी.सी. रक्त घ्यायचं, ते गोठू नये आणि सडू नये असं द्रव्य घातलेल्या बाटलीत ओतायचं, बाटली हलवायची, चिठ्ठी लावायची, डॉक्टरच्या शिक्क्याने लाखबंद करायची आणि सात दिवसांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचेल अशी पाठवायची. आरोपी स्त्री असेल आणि डॉक्टर पुरुष, तर मोटार वाहन कायद्याप्रमाणे दुसरी एखादी स्त्री तिथे हजर असल्याशिवाय नमुना घेता येत नाही.

यातली एक पायरी चुकली की खटला लंगडतो. धुळ्याच्या उखा कोल्हे खटल्यात, जो १९६३ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, रक्ताची बाटली मधल्या दिवसांत कोणाच्या ताब्यात आणि कशी ठेवलेली होती, हाच प्रश्न कळीचा ठरला होता. साठ वर्षांनंतर, १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. त्यात गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाचा रक्तनमुना ससून रुग्णालयात बदलला गेला, असा आरोप ठेवून पोलिसांनी डॉक्टरांना अटक केली. अपघातावर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर मिळालेल्या जामिनावर महाराष्ट्र संतापला. तो संताप योग्यच होता. पण निबंधापेक्षा मला ती बाटली जास्त गंभीर वाटते. थर्टी फर्स्टला किती जणांवर कारवाई झाली याचे आकडे छापण्यापेक्षा, त्या कारवाईतले किती नमुने नियमाप्रमाणे घेतले आणि वेळेत पोहोचले, हे विचारायला हवं.

महाराष्ट्रात दुसराही एक कायदा लागू होतो. १९४९ सालचा दारूबंदी कायदा. त्याच वर्षी १ मार्चला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि जूनमध्ये हा कायदा अमलात आला. म्हणजे नव्या राज्याबरोबर नवी बंदीही इथे आली. पुढे बंदी सैल झाली, बार उघडले, पण कायदा मोडीत निघालेला नाही. कागदावर आजही दारू प्यायला परवाना लागतो, बिअर-वाइनला वयाची अट २१ आणि कडक दारूला २५ आहे. या कायद्याखाली रक्तात ०.०५ टक्के, म्हणजे १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम अल्कोहोल आढळलं, तर ते औषधातून गेलं होतं हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर येते. सार्वजनिक जागी नशेत गोंधळ घालणं हा कलम ८५ खालचा वेगळा गुन्हा. त्यामुळे एकाच माणसावर, एकाच रात्री, मोटार वाहन कायद्याचं १८५ आणि दारूबंदी कायद्याची कलमं अशी दोन्हीकडची नोंद होऊ शकते. दोन कायदे, दोन आकडे. रस्त्यावरच्या माणसाने ३० हाच लक्षात ठेवावा.

१८५ लागतं ते मोटार वाहनाला. मोपेड, रिक्षा, टेम्पो तर आलेच, पण ट्रॅक्टरही आला. हे आपल्या जिल्ह्यात मुद्दाम सांगावंसं वाटतं, कारण गळीत हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रभर रस्त्यावर असतात, आणि नाकाबंदीत संशयाची नजर बहुतेक मोटारसायकल आणि कारवरच पडते. बैलगाडी किंवा सायकल हे मोटार वाहन नाही, त्यांना १८५ लागत नाही. पण सार्वजनिक रस्त्यावर कोणतंही वाहन बेदरकारपणे हाकणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ खाली गुन्हा आहेच.

नशा दारूचीच असावी लागते असंही नाही. कलम १८५ चा दुसरा भाग अमली द्रव्यांसाठी आहे. तिथे ३० सारखा आकडा नाही. गाडीवर नीट ताबा ठेवता येऊ नये इतका अंमल होता, हे दाखवावं लागतं, आणि ते दाखवणं कठीण. आजार किंवा शारीरिक अक्षमता ठाऊक असूनही धोका होईल अशा स्थितीत गाडी चालवली, तर कलम १८६ आहे. त्याचा दंड किरकोळ असल्यामुळे ते फारसं कोणाच्या लक्षातही नसतं.

इथवरचं सगळं झालं कोणाला खरचटलंही नाही तर. माणूस जखमी झाला किंवा मेला की भारतीय न्याय संहिता पुढे येते. ती १ जुलै २०२४ पासून लागू आहे. दुखापतीला कलम १२५, आणि दुखापत गंभीर असेल तर त्यात तीन वर्षांपर्यंत कैद. निष्काळजीपणाने मृत्यू ओढवला तर कलम १०६, ज्यात पाच वर्षांपर्यंत कैद. जुन्या दंड संहितेत हेच ३०४-अ होतं आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंतच होती. अपघात करून पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद देणारं १०६ चं दुसरं पोटकलम जानेवारी २०२४ मधल्या ट्रकचालकांच्या संपानंतर बाजूला ठेवलं गेलं आणि संहितेबरोबर अमलात आलं नाही. तरी जखमीला मदत न करता पळणं मोटार वाहन कायद्याखाली गुन्हाच राहतो.

खरी चढण पुढे आहे, सदोष मनुष्यवधाची. कलम १०५, जुनं ३०४. यात ठार मारण्याचा हेतू नसला, तरी आपल्या कृत्याने कोणाचा जीव जाऊ शकतो याची जाणीव होती, एवढं सिद्ध झालं की दहा वर्षांपर्यंत कैद. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला ही जाणीव असते का? या प्रश्नाचं उत्तर महाराष्ट्रातूनच मिळालं. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर एक गाडी फुटपाथवर चढली आणि तिथे झोपलेल्या मजुरांपैकी सात जण ठार, आठ जण जखमी झाले. चालक अॅलिस्टर परेरा याच्या रक्तात ०.११२ टक्के अल्कोहोल निघालं, म्हणजे ११२ मिलिग्रॅम, मर्यादेच्या जवळपास चौपट. सत्र न्यायालयाने निष्काळजीपणा धरून सहा महिन्यांची शिक्षा दिली. मुंबई उच्च न्यायालयाने ती बदलून सदोष मनुष्यवध धरला आणि तीन वर्षं केली. १२ जानेवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. रस्त्यावर माणसं झोपतात हे ठाऊक असताना, प्यालेल्या अवस्थेत भरधाव गाडी हाकणाऱ्याला परिणामाची जाणीव होती असं मानता येतं, हा त्या निकालाचा गाभा. तेव्हापासून पोलीस मोठ्या अपघातात थेट हे कलम लावू लागले. प्रत्येक वेळी ते टिकतंच असं नाही. वेग, जागा, रक्तातला आकडा, आधी कोणी सावध केलं होतं का, हे सगळं तपासलं जातं. सात माणसांच्या जिवाला तीन वर्षं मला आजही कमी वाटतात. न्यायालयानेही शिक्षा अपुरी असल्याची खंत लपवलेली नाही.

जबाबदारी चाकामागच्या माणसापाशी थांबत नाही. मित्र प्यालेला आहे हे दिसत असताना त्याच्या हातात आपल्या गाडीची चावी देणाऱ्यालाही मोटार वाहन कायद्याच्या कलम १८८ खाली, गुन्ह्याला साथ दिली म्हणून, मूळ गुन्ह्याइतकीच शिक्षा होऊ शकते. चालवणारा अल्पवयीन असेल तर कलम १९९-अ प्रमाणे आई-वडिलांना किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि पोराला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही.

लायसन्सचं म्हणाल तर पोलीस ते जागेवर ताब्यात घेऊन आरटीओकडे पाठवू शकतात, आणि १८५ खाली दोषी ठरल्यावर न्यायालयाने किमान सहा महिने अपात्र ठरवावं असं कलम २० सांगतं. ज्याचं पोट टेम्पो, रिक्षा किंवा ट्रकवर आहे, त्याला दहा हजारांपेक्षा हे सहा महिने जास्त जड जातात.

आणि विमा. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा तर जातोच. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने इफ्को टोकियो विरुद्ध पर्ल बेव्हरेजेस या खटल्यात सांगितलं की, १८५ खाली शिक्षा झाली नसली तरी चालक नशेत होता हे विमा कंपनी इतर पुराव्याने दाखवू शकते. दुसऱ्याला द्यायच्या भरपाईचंही आता तसंच. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या, मोटार वाहन कायद्याच्या कलम १५० मध्ये दारू पिऊन चालवणं हा विमा कंपनीचा बचाव म्हणून घातला गेला आहे. न्यायाधिकरण अनेकदा कंपनीला आधी पैसे द्यायला लावतं आणि मग ते गाडीमालकाकडून वसूल करण्याची मुभा देतं. मृत माणूस कमावता असेल, तर ती रक्कम घर-शेती विकायला लावणारी असू शकते. अशा दाव्यांच्या अपिलांसाठी पूर्वी मुंबईला खेपा घालाव्या लागत. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं. प्रवास वाचला, देणं वाचत नाही.

तेव्हा पन्हाळ्याला, गगनबावड्याला किंवा कोणाच्या शेतावर रस्सा मंडळ ठरलं, की मटणाच्या किलोंबरोबर गाडी कोण आणणार हेही आधीच ठरवा, आणि त्या माणसाला एक घोटही घेण्याचा आग्रह करू नका. असा कोणी नसेल तर मुक्काम करा. सकाळी निघतानाही शेवटच्या पेगपासूनचे तास मोजा, आणि गणित जमत नसेल तर दुपारी निघा.